माइकवर पुकारलेला आहेर

अमडापूर
३ नोव्हेंबर २०२५, सोमवार

करिष्मा,

मंजूताईचा सप्रेम जय भीम. अक्षर ओळखून कागद चुरगाळू नको. शेवटपर्यंत वाच, मग काय करायचं ते कर.

फोन काऊन उचलत नाहीस व? धम्मचक्र दिनापासून लावून राह्यली. आधी रिंग तरी जायची, आता तीही जात नाही. म्हणजे मले ब्लॉक केलं. वा! गिरणीवर बसून पत्र लिहायची वेळ आणली तू माझ्यावर. कागदावर पीठ दिसलं तर झटकून घे. जळगावच्या गाडीचा कंडक्टर ओळखीचा आहे, तो हे पत्र बसस्टँडसमोर संघर्षच्या मोबाइलच्या दुकानात देईल. जावईबापूले सांग, उघडून वाचलं तरी चालते, आपल्यात लपवण्यासारखं काही नाही.

कामाचं बोलते. शनिवारपासून आपल्या लीगचा मोकळा पंधरवडा सुरू झाला. चौदा तारखेच्या शुक्रवारी संध्याकाळी पाचला बंद. ज्यांचा करार संपला त्या खेळाडू तोवर संघ बदलू शकतात. लग्न झालेलीचा नियम तुले माहीतच आहे: माहेरकडून खेळायचं का सासरकडून, हे तिनं ठरवायचं, तिसरं गाव नाही. म्हणजे तुले अमडापूर नाहीतर जळगाव जामोद. जळगाववाले तुझ्या घरी चहा पिऊन गेले, असं केसरबाईनं सांगतलं. दळण टाकता टाकता सांगतलं, पण माझ्याकडे पाह्यलं नाही. तुझी माय आहे म्हणून तिले काही बोलली नाही मी.

सोबत फॉर्म आहे. खाली सही करायची आणि कंडक्टरजवळ परत द्यायचा. झालं काम.

एक भानगड झाली आहे, ती तुझ्या कानावर माझ्याकडूनच गेलेली बरी. तुझ्या लग्नातल्या फ्रिजवर डोणगाववाल्यांनी तक्रार केली. आठवते, पहिल्या वर्षी त्यांनी त्यांच्या एका पोरीले 'वाढदिवसाची भेट' म्हणून स्कूटी दिली होती? सगळ्या संघाले मिळून मानधनाची मर्यादा दोन लाख, आणि मागच्या दारानं स्कूटी! तेव्हा सगळ्यात जास्त मीच बोंबलली होती. मग समितीनं नियम काढला, की संघाच्या नावानं खेळाडूले जी वस्तू दिली तिची किंमत त्या वर्षीच्या मानधनात धरायची. वर्ष म्हणजे एप्रिल ते मार्च. तुझं लग्न मे महिन्यात.

फ्रिज गावानं वर्गणी करून घेतला, हे साऱ्या गावाले माहीत आहे. पण त्या मंडपवाल्या पोट्ट्यानं माइकवर पुकारलं, 'अमडापूर बास्केटबॉल संघाकडून वधूले फ्रिज.' 'गावकऱ्यांकडून' म्हटलं असतं तर कोणाच्या बापाले काही बोलता आलं नसतं. तू मात्र डोक्याले ताप घेऊ नको. ते मी निस्तरते. तू फक्त सही कर.

तुझी
मंजूताई


अमडापूर
६ नोव्हेंबर, गुरुवार

करिष्मा,

कंडक्टर म्हणते पत्र दिलं, जावयानं हातात घेतलं, चहाही पाजला. मग सही कुठं आहे?

काल बुलढाण्याले जाऊन आली. समितीचे रामराव सर भले माणूस आहेत, तुझ्या मंगल परिणयाले ते जेवून गेले होते, जिलेबी दोनदा घेतली होती. मले वाटलं होतं जेवलेला माणूस नरम पडेल. त्यांनी चष्मा लावला, मोबाइल काढला आणि लग्नाचा व्हिडिओ माझ्यासमोर लावला. डोणगाववाल्यांनी शोधून पाठवला म्हणे.

त्यात मंडपवाला पोट्टा माइक घेऊन उभा आहे आणि एक बाई त्याच्या हातातून माइक ओढून राह्यली. हिरवी साडी, केसात गजरा. ती बाई मी. आवाज इतका खणखणीत, की रामराव सरांच्या ऑफिसातला शिपाई आत डोकावून गेला. 'अमडापूर महिला बास्केटबॉल संघाकडून आमच्या कॅप्टनले फ्रिज!' आणि वरून म्हणते, 'टाळ्या वाजवा!'

तर हाव, मी पुकारलं. सोमवारी तुले मंडपवाल्याचं नाव सांगतलं ते खोटं. आता तू म्हणशील ताई सोयीचं तेवढंच बोलते. मले त्या दिवशी लय गर्व वाटला होता व. लोकांचे आहेर पुकारून राह्यले, भांडी, साड्या, पंखा, आणि आपल्या पोट्ट्यांच्या नावानं एवढी मोठी वस्तू मांडवात उभी. मी विचार केला नाही. कोण करते लग्नात विचार!

सरांनी साफ सांगतलं. फ्रिज अठरा हजाराचा, तेवढे दोन लाखातून गेले. मी म्हटलं, समजा पोरगी जळगावले गेली तर? ते म्हणाले, 'पोरगी गेली तरी फ्रिज तुमच्याच खात्यावर, मंजुश्रीताई. दिलेला तुम्ही.' म्हणजे तू आम्हाले मिळो का न मिळो, अठरा हजार गेलेच. आणि बाकीच्या पोरींचे करार आधीच ठरले, त्यातला एक रुपया हलत नाही. सुटी राह्यली तू आणि सुचिता. सुचिताचं मानधन अठरा हजार. माझ्या डोक्यात परतीच्या गाडीत हेच फिरत होतं, फ्रिज म्हणजे एक सुचिता.

उगाच घाबरू नको, अजून काही केलं नाही मी. पण तुझी सही आली तर मले पुढचं ठरवता येईल. तुझ्याशिवाय या संघात बॉल पुढं नेणारं कोणी नाही.

आणि त्या ऑगस्टच्या व्हॉइस मेसेजचं म्हणशील, तर मी रागात होती. शिबिर सुरू झालं, कॅप्टनचा पत्ता नाही, सगळ्या पोट्ट्या माझ्या तोंडाकडे पाहून राह्यल्या. तेव्हा निघालं तोंडातून, 'लग्न झालं की पोट्टी कामातून गेलीच समजा.' ग्रुपवर टाकायचं नव्हतं, टाकलं गेलं. तेवढ्यावर ग्रुप सोडायचा? मी तुले सहावीपासून शिव्या देते. तेव्हा तर कधी रुसली नाही.

मंजूताई


अमडापूर
९ नोव्हेंबर, रविवार

करिष्मा,

आज सुचिताले सांगतलं.

मैदानावर गावानं सोयाबीन वाळू घातलं होतं, नेहमीसारखं. सिमेंटचं कोर्ट दिसलं की लोकाले खळंच दिसते. सुचितानं कुटार-भुसा झाडून काढला, दाणे पायाखाली येऊ नये म्हणून कडेकडेनं खराटा फिरवला. मी गेली आणि म्हटलं, सुचिता, यावर्षी तू थांब. फक्त यावर्षी. फ्रिजचं असं असं झालं, करिष्मा आली पाहिजे, दोघी बसत नाही आकड्यात.

ती म्हणाली, 'हाव.'

बस, एवढंच. भांडली असती तर मी भांडली असती तिच्याशी, मले येते भांडता. तिनं खराटा भिंतीले टेकवला, पोट्ट्यांचे बॉल काढून दिले आणि सगळ्या येईपर्यंत रिंगखाली उभी राह्यली. मग कोणाले न सांगता गेली.

तुले माहीत आहे तिचं. पैसा तिच्या हाती राहतच नाही, सासऱ्याच्या हातात जाते. पण त्या पैशापायी तिले घराबाहेर निघू देतात. 'खेळायले चालली' म्हटलं असतं तर पाय मोडले असते, 'कामाले चालली' म्हणून चालते. मानधन बंद म्हणजे मैदान बंद. एक वर्ष थांब म्हणणं सोपं आहे. एक वर्षानं तिचा सासरा तिले सोडेल का पुन्हा? नाही सोडणार. मले हे माहीत होतं तरी मी सांगतलं.

चंद्रशेखर नवरा असून सकाळपासून माझ्याशी बोलला नाही. गिरणी चालू करून पट्ट्याकडे पाहत बसला. शेवटी म्हणाला, 'तुह्या संघात माणसं खेळतात का आकडे खेळतात?' मी म्हटलं, तू नियम वाच आधी. तो म्हणे, 'तूच बनवाले लावला ना तो नियम.' गिरणीच्या आवाजात ओरडून बोलला, दळणाले आलेल्या सगळ्या बायांनी ऐकलं.

आता एक गोष्ट सांगून ठेवते. नियमात अजून एक ओळ आहे. दिलेली वस्तू मुदतीच्या आत परत आली आणि समितीच्या माणसानं डोळ्यानं पाह्यली, तर ती वजा होते. डोणगावनं स्कूटी परत घेतली होती तशी.

पण मी मागत नाही. लग्नातला आहेर परत मागायचा नसतो, एवढी काही माझी अक्कल गेली नाही. नव्या नवरीच्या घरातून फ्रिज उचलून आणायचा, शेजारपाजार पाहून राह्यला, सासू दारात उभी. सिंधूताई काय म्हणतील? 'हेच का तुह्या माहेरचं?' असंच ना? फक्त नियम काय आहे ते सांगतलं. तुले माहीत असावं म्हणून.

तू लहान होती तेव्हा रिंगपर्यंत बॉल पोचत नव्हता तुझा. सुचिता तुले कमरेतून उचलून धरायची, आठवते का?

मंजूताई


अमडापूर
१२ नोव्हेंबर, बुधवार

करिष्मा,

मागते. फ्रिज दे.

रविवारी मागत नाही म्हटलं होतं, आज मागून राह्यली. लाज सोडली. सुचिता सोमवारी आली नाही, काल आली नाही. आज मी तिच्या घरी गेली तर सासरा ओट्यावर बसलेला. म्हणे, 'आता तिचं काम सुटलं ना? मंग काऊन बोलावता?' ती आतून बाहेरसुद्धा आली नाही. चुलीजवळ होती, मले तिची पाठ दिसली. मी तशीच परत आली आणि गिरणीत बसून रडली. कोणाले दिसू नये म्हणून पिठाच्या डब्यामागं बसली. चंद्रशेखरनं पाह्यलं आणि गिरणी बंद केली नाही, चालूच ठेवली, माझ्या रडण्याचा आवाज बाहेर जाऊ नये म्हणून.

मले तुम्ही दोघी पाहिजे. फ्रिज आला तर दोघी बसता आकड्यात. मी टेम्पोचं भाडं देते. तुझा भाऊ अश्वजित त्याचा टेम्पो घेऊन यायले तयार आहे, फक्त तू हाव म्हण.

का ही पत्रं तुझ्यापर्यंत पोचूच देत नाहीत? खरं सांग, सिंधूताई अडवून राह्यल्या का? फोनही त्यांनीच काढून घेतला का? जळगाववाल्यांचा चहा त्यांच्याच हातचा होता म्हणे. सुनेनं त्यांच्या गावाकडून खेळावं, नाव व्हावं, हेच पाहिजे असेल त्यांना. तसं असेल तर मी स्वतः येते आणि त्यांच्या अंगणात उभी राहून बोलते. मी कोणाले भीत नाही, तुले माहीत आहे.

शुक्रवारी पाच वाजता रामराव सर इथं मैदानावर येणार आहेत, यादीवर शिक्का मारायले. तोवर काहीतरी कर. माझ्यासाठी नको करू. मी तुले वाईट बोलली, माझ्यावर राग ठेव. सुचितासाठी कर.

मंजू


अमडापूर
१५ नोव्हेंबर, शनिवार

करिष्मा,

काल काय काय झालं ते सिंधूताईंनी तुले सांगतलं असेलच. तरी मी माझ्या तोंडानं सांगते. माझ्याकडून ऐकलंस तर मले बरं वाटेल.

चार वाजले तरी काही नव्हतं. रामराव सर येऊन खुर्चीवर बसले, पाणी प्यायले, शिक्का काढून मांडीवर ठेवला. पोट्ट्या कोर्टावर नुसत्या उभ्या. मी यादी हातात घेऊन बसली, तुझ्या नावासमोर सही नाही, सुचिताच्या नावावर काट मारलेली. मनात तुले काय काय बोलली ते लिहीत नाही.

साडेचारच्या सुमाराले खामगावकडून टेम्पो आला. मागं फ्रिज, दोरानं बांधलेला, वर चादर. आणि समोर ड्रायव्हरच्या बाजूले एक बाई, मांडीवर पिशवी, पदर डोक्यावरून कानामागं खोचलेला. उतरल्या आणि पहिला प्रश्न, 'मंजुश्री कोण हाय?'

मी म्हटलं, मी.

'सिंधू. करिष्माची सासू. तुम्ही अंगणात येऊन बोलणार होत्या ना? म्हटलं तुमाले कायले तरास, मीच जाऊन येतो.'

धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं. सगळ्या पोट्ट्या ऐकून राह्यल्या. मी म्हटलं, ताई, ते रागात लिहिलं मी. त्या म्हणाल्या, 'सारंच रागात करता का हो तुम्ही?' आणि हसल्या. मग म्हणाल्या, 'फोन म्या नाई घेतला. तिनंच बंद ठेवला. पत्रं आली की वाचे, आणि मंग मले वाचून दाखवे. म्हने, आई, ताईचा आवाज ऐकला की मी नाई म्हनू शकत नाई.'

मी खाली पाहून फ्रिजचा दोर सोडायले लागली.

मग त्यांनी पिशवीतून कागद काढला. मले वाटलं तुझी सही. सहीच होती. पण जळगाव जामोदच्या फॉर्मची नक्कल.

'सकाळीच केली तिनं. मीच गेली होती सोबत. तिकडं रोज संध्याकाळी खेळाले जाते, मी बसतो बाजूले भाजी निवडत. येथून तेथून बस बदलत अमडापूर कसं जमन हो तिले रोज?'

मी म्हटलं, मग फ्रिज काऊन आणला? ती तिकडं गेली, तर फ्रिज परत करायची काय गरज होती तिले?

सिंधूताई म्हणाल्या, 'म्याही हेच म्हटलं तिले. आहेर परत करणं चांगलं नाई, लोक नावं ठेवतीन. तर म्हने, आई, त्या फ्रिजमुळं सुचिताताई घरात बसली. मी त्यातलं थंड पानी कसं पेऊ? आन् दुसरं बी म्हनली. म्हने, ताईनं आज सुचिताताईले काढलं माह्यासाठी, उद्या दुसरीसाठी मले काढन.'

हे तू म्हटलं ते खरं आहे. लागलं मले, पण खरं आहे.

रामराव सर उठले. वस्तू डोळ्यानं पाहावी लागते ना. चादर काढली, दार उघडलं, आणि फ्रिजमधून संत्री घरंगळत कोर्टावर आली. वरपासून खालपर्यंत संत्री. बर्फाच्या कप्प्यातसुद्धा दोन कोंबलेली. पोट्ट्या पळाल्या त्यांच्यामागं, कोणी पायानं अडवून राह्यलं, कोणी ड्रिबल करून राह्यलं.

सर म्हणाले, 'हे काय?'

सिंधूताई म्हणाल्या, 'रिकामं भांडं परत देत नसतात, साहेब. हे तं कपाटाएवढं भांडं हाय.'

सर जरा गोंधळले. म्हणाले, 'मग ही संत्री कोणाच्या खात्यात धरायची?'

'सासरकडून माहेराले आली. लिहा तुमाले कुठं लिहायची ते.'

सरांनी काही लिहिलं नाही. एक संत्रं उचललं, सोलायले लागले आणि म्हणाले, फ्रिज वजा.

मी तशीच पळाली सुचिताच्या घरी, पायात चपलासुद्धा दोन वेगळ्या जोडांच्या. सिंधूताईही माझ्यामागं आल्या, मी बोलावलं नव्हतं. सासरा ओट्यावरच होता. मी काही म्हणायच्या आधी सिंधूताई त्याच्यासमोर बसल्या आणि म्हणाल्या, 'दादा, मी जळगावाहून आली तुमच्या सुनेपायी. एक कप चहा तरी पाजान?' घरी आलेल्या पाहुणीले नाही कोण म्हणते? सुचिता चहा घेऊन बाहेर आली आणि मी तिचा हात धरला. यादीवर तिनं उभ्याउभ्याच सही केली, पाचाले थोडा वेळ होता. फ्रिजचे अठरा हजार सुटले, तुझं मानधनही शिल्लक राह्यलं, त्यातून तिचं वाढवलं. सासऱ्यानं आकडा ऐकला आणि स्वतःच म्हणाला, 'मंग उद्यापासून जाय.' 

आज सकाळी मैदानावर आली. खराटा घेतला. मी म्हटलं राहू दे, आज मी झाडते. तिनं दिला नाही.

तुझ्या जाण्याचं म्हणशील, तर मले वाईट वाटलं. लय वाईट वाटलं. तू नसलेली यादी मी पाहूच शकत नव्हती, चंद्रशेखरले म्हटलं तूच वाच. पण त्या व्हॉइस मेसेजची मले आता माफी मागायची आहे, नीट, कारणं न सांगता. लग्न झालेली पोट्टी कामातून जात नाही. चुकली मी. माफ कर.

सात डिसेंबरले पहिलीच मॅच आपली तुमच्याशी आहे, जळगावलेच. तुले अडवायले सुचिता उभी राहणार आहे. म्हणे, 'तिचा डावा हात मीच शिकवला हाय, मले माहीत हाय तो कुठं जाते.' तेव्हा सांभाळून. सिंधूताईंना सांग, भाजी निवडायची असेल तर आमच्या बाकाजवळ बसा, मी मदत करते.

फ्रिज गिरणीत ठेवला आहे. चालू केला नाही. संत्री वाटून संपली, केसरबाईलेही दिली, तिनं या वेळी माझ्याकडे पाह्यलं. मार्च संपला की वर्षाचा हिशेब बंद होते. एक एप्रिलले अश्वजितचा टेम्पो तुझ्या दारात येईल. फ्रिज गावकऱ्यांकडून असेल, रिकामा नसेल, आणि माइक मी हातात घेणार नाही.

तुझी
मंजूताई